तणनाशक मिळते, ताणनाशक कुठं मिळते?

धुऱ्यावरची (आर्वी तालुका)
३ डिसेंबर, रात्री १०.४०

दोन वर्षांपासून इथं नुसती वाचते. आज लिहून राहिली, कारण घरातले सगळे झोपले आन् मला झोप नाही.

आमचं पाच एकर. तीन एकरात पऱ्हाटी, मधात तुरीच्या ओळी. दोन एकरातलं सोयाबीन निघालं, तिथं आता चणा आहे. मुलगा अमरावतीला बारावीत, मुलगी गावातच आठवीत. सासूबाईंना शुगर, दोन्ही गुडघे गेलेले. शिवाय मी बचत गटाची सचिव. गटात अकरा बाया, अकराही जणींजवळ माझा नंबर.

यंदा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात, लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८११० रुपये क्विंटल. ऐकायला बरं वाटते. आम्ही गाडी भरून एका केंद्रावर नेली, तर ओलावा १४ टक्के निघाला. बाराच्या वर घेत नाहीत. दवातच वेचलेला कापूस, दुसरं काय निघणार? गाडी परत आणायची तर भाडं दुप्पट, म्हणून आमच्या यांनी तिथंच बाहेर व्यापाऱ्याला देऊन टाकला. घरी आल्यावर विचारलं, "केवढ्यात गेला?" तर म्हणतात, "गेला." भाव, कर्ज, पोराची फी, आमच्या घरी सगळ्याला दोनच उत्तरं आहेत : "गेला" आन् "पाहू".

आता माझं. मागच्या आठवड्यात वावरातून घरी आली, हातपाय धुतले, आन् मनात आलं, मोटरचा स्टार्टर बंद केला का? मुलीला सायकलवर पाठवलं. बंद होता. जेवताना पुन्हा तेच. हे मला दिवसातून चार-पाचदा होते. कधी गॅस, कधी गोठ्याचं फाटक, कधी गटाचं पासबुक. रविवारी मुलीनं आलेख-वहीसाठी वीस रुपये मागितले, तर हातातला पळा मी भिंतीवर फेकून मारला. वीस रुपयांसाठी! पोरगी काही बोलली नाही, पळा उचलून मोरीत ठेवला. वरणाचा डाग अजून भिंतीवर आहे, पोळ्या लाटताना बरोबर डोळ्यांसमोर येतो.

गटातली मैत्रीण म्हणाली, ध्यान कर. मोबाईलवर बासरी लावली, देवापुढं बसली, डोळे मिटले. चार मिनिटं झाली नसतील, मधातच जाहिरात सुरू झाली, तणनाशकाची. हसावं का रडावं! दुसऱ्या दिवशी बासरीशिवाय बसली. तर डोळे उघडे असताना जेवढं आठवत नाही तेवढं डोळे मिटल्यावर आठवलं. सोसायटीच्या कर्जाची तारीख, सासूबाईंच्या संपत आलेल्या गोळ्या, चण्यावरची रोही (नीलगाय), पार माझ्या लग्नात राहिलेलं मोठ्या जावेचं मानपानसुद्धा. उठली तेव्हा डोकं पहिल्यापेक्षा भारी.

विचारायचं इतकंच की घर, ढोरं, वावर आन् फोन, हे सगळं असताना कोणाचं मन खरंच शांत होते का? होत असेल तर कसं? सुविचार नका पाठवू. ते गटावर रोज सकाळी चाळीस येतात.

---

हिंजवडीतला_वऱ्हाडी
३ डिसेंबर, रात्री ११.२५

ताई, रात्री नऊनंतर फोन बंद आणि सकाळी पाऊण तास चालणं. मला यानेच फरक पडला. आयटीतला ताणही काही कमी नसतो.

---

धुऱ्यावरची
४ डिसेंबर, सकाळी ६.१०

भाऊ, चालायचं म्हणाल तर वावर घरापासून अडीच किलोमीटर, डोक्यावर शिदोरी आन् मागं बकरी. फोन बंद केला आन् रात्री अमरावतीहून पोराचा आला तर? पण तुम्ही पहिलं उत्तर दिलं, बरं वाटलं.

---

कासरा (हिंगणघाट)
४ डिसेंबर, दुपारी २.०५

डोळे मिटल्यावर जास्त आठवते म्हणून आपल्याला ध्यान जमत नाही, असं तुम्ही धरून बसल्या. मीही धरून बसलो होतो.

चार वर्षांपूर्वी नागपूरकडं विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. भक्ती-बिक्ती काही नव्हती, डॉक्टर म्हणाले बीपी उतरव नाही तर गोळी वाढवतो, म्हणून. तिथं फोन पहिल्या दिवशीच जमा. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवसापर्यंत बोलायचं नाही. संध्याकाळी जेवण नाही, नव्या माणसाला चहा आन् फळ तेवढं. फी नाही, आधी शिबिर केलेले लोक दान देतात त्याच्यावर चालते. गोयंका गुरुजी १९६९ मध्ये म्यानमारहून हे घेऊन आले, इगतपुरीला मोठं केंद्र आहे. आवाज त्यांच्याच ध्वनिफितीचा असतो.

पहिले तीन दिवस काम एकच, नाकातून श्वास येते-जाते ते पाहायचं. माझे ते तीन दिवस सोयाबीन विकण्यात गेले. खरं सांगतो, मी त्या हॉलमध्ये बसून माझं सोयाबीन सतरा वेळा विकलं, प्रत्येक वेळी वेगळ्या भावानं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या आचार्यांना म्हटलं, माझ्यानं होत नाही, मन पळते. ते म्हणाले, पळालं हे कळते ना? मग झालं, परत आणा.

ताई, तुम्ही डवरणी पाहिली असेल, कदाचित केलीही असेल. बैल तास सोडून बाजूच्या झाडात तोंड घालतो. आपण कासरा ओढतो, "हर्र" म्हणतो, बैल तासात येतो. दहा पावलांवर पुन्हा तेच. बैल बाहेर गेला म्हणून कोणी डवरा खांद्यावर टाकून घरी जाते का? बैलाला मारायचंही नाही, मारला तर आणखीच बिथरतो. ध्यान म्हणजे बैलानं न हलणं असं मला वाटत होतं. ते कासरा ओढणं आहे.

दहा दिवस तुम्हाला सध्या जमणार नाहीत, माहीत आहे. दहा मिनिटं बसा, आन् मन पन्नासदा गेलं तर पन्नासदा आणा. बीपीची गोळी माझी अजून चालूच आहे, तेही सांगून ठेवतो. कमी झाली, बंद नाही झाली.

---

उपकेंद्रातली (यवतमाळ जिल्हा)
४ डिसेंबर, रात्री ९.१५

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते, म्हणून जरा वेगळे प्रश्न विचारते. झोप किती दिवसांपासून उडाली? छाती धडधडते का? जिना किंवा चढ चढताना दम लागतो का? पाळीत अंगावरून जास्त जाते का? शेवटचं रक्त कधी तपासलं होतं?

आमच्याकडं "टेन्शन आलं" म्हणून येणाऱ्या बायांपैकी बऱ्याच जणींच्या अंगात रक्तच नसते. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तर चिडचिड, धडधड, झोप न लागणं, सगळं होऊ शकते. ते ध्यानानं भरून निघत नाही. आधी तपासून घ्या, बीपी आन् शुगरही.

स्टार्टरबद्दल सांगते. आपण ते काम हातानं करतो, मन भलतीकडं असते, म्हणून नंतर आठवतच नाही. बंद करताना मोठ्यानं म्हणा, "स्टार्टर बंद केला." येडं वाटेल, पण कानानं ऐकलेलं ध्यानात राहते. मी लस दिल्यावर रजिस्टर भरताना असंच पुटपुटते, आशाताई हसतात.

श्वासाचंही एक सांगते, त्याला देवघर लागत नाही. चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत हळू सोडायचा. मिनिटाला सहाच श्वास होतात. सोडणं लांबलं की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला "हळू चाल" असं सांगते. ठोके खाली येतात, डोक्यातला गलका थोडा बसतो. चक्कर आली तर थांबायचं, जोर लावायचा नाही.

आणि एक गोष्ट सरळच विचारते, रागवू नका. "आपण नसलो तर बरं" असं कधी मनात येते का? तुमच्या किंवा घरच्यांच्या? माझ्या जिल्ह्यात हे विचारल्याशिवाय मी कोणाला जाऊ देत नाही. येत असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फवारणीचे डबे घरात असतील तर कुलपात ठेवा आन् किल्ली तुमच्याजवळ ठेवा.

---

धुऱ्यावरची
५ डिसेंबर, सकाळी ५.५०

माझ्या मनात तसं येत नाही ताई. यांचं मला माहीत नाही. विचारलं नाही कधी. तुमचं वाचून रात्रीच उठली, कोठ्यातले दोन डबे जुन्या पेटीत टाकले, कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्राला बांधली आहे, टोचते.

---

निवृत्त_गुरुजी (तिवसा)
५ डिसेंबर, सायंकाळी ७.४५

आपण वर्धा नदीच्या पलीकडच्या, मी अलीकडचा. मोझरीचा गुरुकुंज आश्रम माझ्या घरून सायकलच्या टप्प्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना (१९०९ ते १९६८) मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, माझ्या वडिलांनी पाहिलं. पण त्यांच्या पुण्यतिथीला मी चुकत नाही. कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असते. मैदान माणसांनी गच्च भरलेलं. लेकरं, बाया, खांद्यावर पडशी घेतलेली म्हातारी माणसं, चणे-फुटाणेवाले. दोन मिनिटं आधी तिथं कानठळ्या बसतात. मग एकदम थांबते. यंदा माझ्यापुढं एक लहान पोट्टं होतं, त्याच्या हातातल्या फुग्याचा चर्र आवाज तेवढा ऐकू येत होता. एवढ्या माणसांत एवढं शांत कसं होऊ शकते, हे मला दरवर्षी नवं वाटते.

मला आपल्याला सुचवायचं आहे ते याहून साधं आहे. आपल्या गावात सामुदायिक प्रार्थना होते का ते पाहा. पुढं मूर्ती नसते. रिकामं अधिष्ठान असते, गादी आणि लोड. खंजिरी वाजते, सगळे एका सुरात म्हणतात. तिथं आपल्याला एकटीनं मन आवरायचं नसते, बाजूच्याचा आवाज आपल्याला धरून ठेवतो. आमच्या गावात मालिकांपायी प्रार्थना बंद पडली होती. तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच म्हाताऱ्यांनी पुन्हा सुरू केली. सध्या सोळाजण असतात, थंडीत अकरा.

---

माहेर_दर्यापूर
६ डिसेंबर, दुपारी १.३०

सगळ्यांचं वाचलं. गुरुजी, कासरा भाऊ, चांगलंच सांगून राहिले तुम्ही. पण बाई, मला तुझ्या लिहिण्यात दुसरंच दिसलं. पोराची फी, सासूच्या गोळ्या, सोसायटी, रोही, गट, स्टार्टर, हे सगळं एकाच डोक्यात काहून आहे? घरात मोठी माणसं तीन ना?

मी खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणीही खारं आन् माणसंही कमी बोलणारी. आमच्याकडंही "पाहू"च होतं. मी एक केलं. वहीचं पान फाडलं आन् डोक्यात जे जे होतं ते सगळं लिहून काढलं, हिशोबापासून मच्छरदाणीच्या छिद्रापर्यंत. ज्याला तारीख आहे त्याच्यापुढं तारीख टाकली. ज्याच्यावर आपला इलाजच नाही, जसं की भाव, त्याच्यावर रेघ मारली. मग ते पान कॅलेंडरखाली खिळ्याला टांगलं. आमचे घरधनी तिथंच उभे राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात, दोन मिनिटं तरी हलत नाहीत. वाचणार नाहीत तर जातील कुठं?

भांडण झालं, खोटं नाही सांगत. "चारचौघांत मांडते" म्हणाले. चारचौघं कोण, तर त्यांची आई. पण आठ दिवसांनी सासूनंच एका ओळीवर बोट ठेवलं, म्हणे गोळ्यांचं मी पाहते, मला मोजता येतात.

तू डोळे मिटून बसते तेव्हा ती सगळी यादी तुझ्यापुढं हजेरी लावते. तिला कागदावर बसव, मग तू देवापुढं बस.

---

धुऱ्यावरची
१७ डिसेंबर, रात्री ९.३०

बारा दिवसांनी आली. मधात वावरातल्या मोटरला रात्रीची लाईन (वीज) होती.

पान लिहिलं. तेवीस ओळी झाल्या. मला वाटलं होतं शंभर असतील. सातांवर रेघ मारली : कापसाचा भाव, लाईनची वेळ, जावेचं मानपान वगैरे. जावेवर रेघ मारताना हात जरा अडला. पान टांगलं आरशाजवळ, कारण आमचे हे खर्रा खात नाहीत पण भांग पाडायला फार वेळ लावतात.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर "फीचा दुसरा हप्ता" याच्यापुढं पेन्सिलनं लिहिलेलं होतं, "मी". "सोसायटी" पुढं, "मी". आन् सगळ्यात खाली चोविसावी ओळ, यांच्या अक्षरात : "पाइपवाल्याचे ४००० उसने, दिवाळीपासून".

मला हे माहीतच नव्हतं! आधी संताप आला. भाकरी थापता थापता तोंडापर्यंत शब्द आले होते. मग त्या वरणाच्या डागाकडं पाहिलं. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, तिसरी व्हायची होती. तेवढ्या वेळात उपकेंद्रातल्या ताईंचं चार-सहा केलं, नऊ वेळा. तिसरी शिट्टी झाली. मी काही बोलली नाही. दिवाळीपासून हा माणूस रात्री कूस काहून बदलून राहिला, ते मला तेव्हा कळलं. मी समजत होती, मच्छर आहेत.

त्या रात्री यांच्यासोबत चण्याला पाणी द्यायला गेली. एरवी मी रात्री जात नाही. टॉर्च, काठी, शेकोटीला तुराट्या. पाणी एका दांडातून दुसऱ्या दांडात वळवायचं आन् मग वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, दुसरं काम नाही. फोनला तिथं रेंज नाही. पाण्याचा आवाज, लांबून कोणाच्या तरी जागलीवरचा डबा वाजवल्याचा आवाज. मी धुऱ्यावर बसली, डोळे उघडेच. मन गेलं, आणलं. गेलं, आणलं. कासरा भाऊ, पन्नास नाही, वीसेक वेळा असेल. मग मोजायची राहून गेली. यांनी विचारलं, "झोपली का?" म्हटलं, "नाही, पाहून राहिली." "काय?" "काही नाही." मग तेच म्हणाले, "पाइपवाल्याचं मार्चपर्यंत थांबतो म्हणाला तो." मी विचारलं नव्हतं.

उपकेंद्रातल्या ताईंनी सांगितलेला तो प्रश्न त्याच वेळी यांना विचारला. अंधार होता म्हणून जमलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंदा नाही." मी नंबर यांच्या फोनमध्ये टाकून दिला. कोणत्या नावानं, ते इथं सांगत नाही.

गुरुजी, आमच्या गावात प्रार्थना आहे, गुरुवारी. मला माहीत होतं, पण ती म्हाताऱ्यांची वाटायची. मागच्या गुरुवारी मुलीला घेऊन गेली. अर्धा तास मला कोणी "आई", "सूनबाई", "सचिव ताई" म्हटलं नाही. मुलीला खंजिरी आवडली, आता घरी ताटली बडवते.

स्टार्टर मोठ्यानं बोलून बंद करते. शेजारच्या वावरातला गडी ओरडून विचारतो, "कोणाशी बोलून राहिल्या काकू?"

देवापुढं डोळे मिटून बसणं अजून जमत नाही. सोडून दिलं सध्या.

आन् ताई, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की मळमळते. लिंबूपाण्यासोबत घेऊ का?

---

उपकेंद्रातली
१७ डिसेंबर, रात्री १०.०५

८.६ म्हणजे कमीच आहे, चढावर दम लागत असेल तर तो का, ते कळलं असेल. लिंबूपाण्यासोबत चालेल, उलट चांगलं. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. गोळी मधेच बंद करू नका आन् शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका. महिन्यानं पुन्हा तपासा, आन् पाळीत जास्त जात असेल तर डॉक्टरांना सांगाच. आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही.

---

धुऱ्यावरची
१७ डिसेंबर, रात्री १०.१२

बाकी सगळं ऐकते बाप्पा. तासभर म्हणजे आधीचा तास धरून, की आधी एक आन् नंतर एक?